गेमच्या संकलित आवृत्तीत सर्व डीएलसी असलीच पाहिजे का?

रामबागकर

इंदूरला रामबाग आणि नारायणबागेतल्या आमच्या काही घरांत मिळून गेमच्या डिस्क विकत घेण्याची पद्धत बरीच वर्षे चालू आहे. वर्गणी काढायची, डिस्क घ्यायची आणि ती घरोघर फिरवायची, इतकी साधी ही व्यवस्था आहे. तिला संकलित आवृत्त्या फार सोयीच्या पडतात, कारण दोन-तीन जुने गेम नव्या कन्सोलसाठी सुधारून एकाच खोक्यात मिळतात आणि एका खरेदीत सर्वांचे पुष्कळ दिवस निघतात. मात्र प्रत्येक खरेदीच्या वेळी आमच्यात एकच वाद होतो. मूळ गेमसाठी नंतर वेगळी विकलेली सगळी सामग्री, म्हणजे डीएलसी, या आवृत्तीत आहे का, आणि नसेल तर ती आपण का घ्यावी?

माझे मत आधीच सांगून टाकतो. कथेचा भाग असलेली प्रत्येक डीएलसी संकलनात असलीच पाहिजे, आणि जी कोणत्याही कारणाने वगळावी लागली असेल तिचे नाव खोक्याच्या मागील बाजूस स्पष्ट छापले गेले पाहिजे. पोशाख, रंग आणि घोड्यावरची झूल अशा निव्वळ सजावटीच्या डीएलसींबाबत माझा आग्रह नाही.

हा आग्रह मी धरतो, कारण कथेचे तुकडे पाडून ते विकण्याचा निर्णय मुळात प्रकाशकाचा होता. 'मास इफेक्ट' या तीन भागांच्या अंतराळकथेचा तिसरा गेम, 'मास इफेक्ट ३', मार्च २०१२ मध्ये आला, तेव्हा जाविक हे पात्र 'फ्रॉम ॲशेस' या डीएलसीत पहिल्याच दिवसापासून १० डॉलरला वेगळे विकले जात होते. ज्या प्रोथियन वंशाच्या विनाशाचे कोडे पहिल्या भागापासून खेळाडूपुढे आहे, त्या वंशातला हा एकमेव जिवंत साक्षीदार आहे. त्याच्याशिवाय तिसरा भाग पूर्ण करता येतो, पण तो अर्धवट वाटतो. १४ मे २०२१ रोजी आलेल्या 'लेजेंडरी एडिशन'ने तिन्ही गेम आणि ४० पेक्षा अधिक डीएलसी एकत्र दिल्या, तेव्हा कुठे ही त्रयी एकसंध झाली. तरीही पहिल्या भागाची 'पिनॅकल स्टेशन' ही डीएलसी तिच्यात नाही, आणि आमच्या मंडळींतला ताजा वाद तिच्यावरूनच पेटला आहे. आपल्याला काय वाटते?

कोडवाला

धागाकर्त्यांची भावना मला समजते, पण 'पिनॅकल स्टेशन'चे उदाहरण त्यांच्या मताच्या विरुद्ध जाते. मी इंदूरलाच सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो आणि जुना कोड पुन्हा चालू करण्याचा जाच रोज भोगतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही डीएलसी २००९ मध्ये आली आणि ती 'मास इफेक्ट'चा मूळ स्टुडिओ बायोवेअर याने स्वतः बनवलेली नव्हती. 'डेमियर्ज' या बाहेरच्या स्टुडिओने ती तयार केली होती. पहिल्या गेमची पीसी आवृत्तीही त्यांचीच. रीमास्टरच्या, म्हणजे या सुधारित आवृत्तीच्या, वेळी बायोवेअरने त्यांच्याकडे सोर्स कोड मागितला, तेव्हा जपून ठेवलेल्या बॅकअपमधला डेटा खराब झाल्याचे उघड झाले. सर्व काही पहिल्यापासून बांधायचे तर बहुतेक कर्मचाऱ्यांना आणखी सहा महिने त्यातच गुंतवावे लागले असते, असे प्रकल्पाचे दिग्दर्शक मॅक वॉल्टर्स यांनी त्या वेळी सांगितले होते. तासाभराच्या एका डीएलसीसाठी संपूर्ण त्रयी सहा महिने रोखून धरावी, असे आपण म्हणाल का?

खेळाडूच्या डिस्कवर किंवा सर्व्हरवर जी असते ती गेमची तयार झालेली फाइल असते. ती फाइल जवळ असली तरी तिच्यातून प्रकाशयोजना, पात्रांची हालचाल आणि शत्रूंचे वर्तन पुन्हा संपादनयोग्य रूपात मिळवणे हे वेगळे आणि किचकट काम आहे. 'लेजेंडरी एडिशन' अनरियल इंजिन ३ या गेम चालवणाऱ्या जुन्याच पायाभूत सॉफ्टवेअरवर राहिली, तरीही हे जमले नाही. इंजिन बदलले असते तर इतर डीएलसींचेही हाल झाले असते. 'सर्व द्या' हे वाक्य आपण सहज लिहून जातो, पण 'सर्व' कुठे ठेवले आहे हे अनेक स्टुडिओंनाच ठाऊक नसते.

इंताईसे_फ्लॅटधारक

मी 'पिनॅकल स्टेशन' खेळलो आहे. त्यात कथा जवळजवळ नाहीच. एका रिंगणात पुन्हा पुन्हा लढायचे आणि शेवटी बक्षीस म्हणून एका ओसाड ग्रहावरचा फ्लॅट घ्यायचा, एवढाच मामला आहे. ती गेली ते बरे झाले.

रामबागकर

फ्लॅटधारक, आपले परीक्षण मला मान्य आहे, परंतु चांगली की वाईट हा इथे निकष होऊ शकत नाही. एखाद्या लेखकाचे समग्र वाङ्मय छापताना संपादक फसलेल्या कथाही घेतो. वाचकाने तो खंड अभिरुचीसाठी घेतलेला नसून लेखकाने काय काय लिहिले हे एका जागी मिळावे म्हणून घेतलेला असतो.

कोडवाला यांच्या मुद्द्याला माझे उत्तर असे, की बॅकअप खराब होणे हा निसर्गाचा कोप नव्हे. पहिला 'मास इफेक्ट' डिसेंबर २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हाही 'पिनॅकल स्टेशन' त्यात नव्हती. म्हणजे धोक्याची घंटा रीमास्टरच्या कितीतरी आधी वाजली होती. ज्या वस्तूचे पैसे घेतले तिचा मूळ मसुदा जपणे हे विक्रेत्याचेच काम आहे.

कोडवाला

समग्र वाङ्मयाची तुलना मला पटत नाही. छापील कथा पन्नास वर्षांनी पुन्हा जुळवायला जुना छापखाना लागत नाही. गेमला त्याचे इंजिन, तेव्हाची साधने आणि ती हाताळणारी माणसे, असे सगळेच लागते. जतन करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे हे मात्र मी मान्य करतो. आमच्या क्षेत्रात प्रकल्प संपला की त्याची साठवण कोणी बघायची यावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते, आणि दुसऱ्या कंपनीने करून दिलेल्या कामाचे तर विचारूच नका.

जुनीडिस्क

या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलले नाही. डीएलसी संकलनात आली नाही तर ती अनेकदा कायमची जाते, कारण ती मिळण्याचे मूळ दुकानच बंद होते. निन्टेंडोच्या वी कन्सोलचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, थ्रीडीएस आणि वी यू यांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी, आणि एक्सबॉक्स ३६० चे २९ जुलै २०२४ रोजी. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याची घोषणा केली होती आणि खेळाडूंनी गदारोळ केल्यावर ती पुढच्याच महिन्यात मागे घेतली. जुनी डिस्क जेल रोडवर आजही मिळून जाते, पण डीएलसी डिस्कवर नसल्यामुळे जुन्या बाजारात ती कधीच येत नाही.

युबिसॉफ्ट या प्रकाशकाने २०२२ मध्ये काही जुन्या गेमच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या, तेव्हा त्यांतल्या काहींची डीएलसी पैसे भरलेल्या लोकांनाही पुन्हा उतरवून घेता येणार नाही असे जाहीर झाले. त्याच कंपनीच्या २००८ मधील 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा उत्तरार्ध 'एपिलॉग' या डीएलसीत आहे आणि ती पीसीवर कधी आलीच नाही. मुख्य गेमचा शेवट मुद्दाम अधांतरी सोडलेला आहे, त्यामुळे पीसीवर खेळणाऱ्याला पुढे काय झाले हे आजतागायत खेळून कळलेले नाही.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा कायदेशीर बाजारात उपलब्ध नव्हते. संपूर्ण गेमची ही गत असेल, तर त्यांना नंतर जोडलेल्या तुकड्यांची काळजी कोण घेणार? म्हणून रामबागकरांच्या मागणीकडे मी ग्राहकाच्या सोयीपेक्षा जतनाच्या अंगाने पाहतो, आणि त्या अंगाने पाहिले तर घोड्याची झूलसुद्धा वगळता कामा नये.

लालबाग

परवान्यांचा विषय राहिला. कोड शाबूत असूनही काही सामग्री देता येत नाही, कारण तिच्यातले गाणे किंवा पात्र दुसऱ्याच्या मालकीचे असते. 'जीटीए ४' मधील व्लादिवोस्तोक रेडिओवरची अनेक गाणी दहा वर्षांचा परवाना संपताच २०१८ मध्ये काढावी लागली. 'ॲलन वेक' तर गाण्यांच्या परवान्यापायी मे २०१७ मध्ये विक्रीतूनच बाहेर गेला आणि पुढच्या वर्षी परत आला. 'अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३' डिसेंबर २०१३ मध्ये डिजिटल दुकानांतून नाहीसा झाला. तीन वर्षांनी तो परतला तेव्हा मात्र जुन्या डीएलसीतील पात्रे आतच समाविष्ट होती. अशा प्रसंगी प्रकाशकाला दोष देण्याआधी परवाना किती वर्षांचा होता हे पाहणे न्याय्य ठरेल.

रामबागकर

लालबाग, आपले म्हणणे मान्य. तरी दहा वर्षांचा परवाना घेणाऱ्याला अकरावे वर्ष उजाडणार हे ठाऊक असते.

छोटा_सराफा

मला प्रश्न वेगळा पडतो. सर्व डीएलसी दिली असे धरून चालू. पण ती गेममध्ये बसवली कशी आहे? माझ्या मते संकलनाचे खरे कसब तिथे आहे, आणि बहुतेक प्रकाशक तिथेच हात आखडता घेतात.

'फॉलआउट: न्यू व्हेगस'ची 'अल्टिमेट एडिशन' घ्या. तिच्यात काहीही वगळलेले नाही. कथेच्या चारही डीएलसी आहेत, शस्त्रांची आहे आणि पूर्वी आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना मिळालेल्या वस्तूही आहेत. परिणाम काय होतो? गेमच्या सुरुवातीला आपण डोक्यात गोळी खाऊन कसेबसे वाचलेले कुरिअर असतो. डॉक्टरच्या घरातून बाहेर पाऊल टाकताच एकामागून एक संदेश पडद्यावर येऊन आदळतात, अमुक ठिकाणचा रेडिओ ऐका, तमुक ठिकाणी जा, आणि पाठीवरच्या पिशवीत चिलखतांबरोबर ग्रेनेड रायफलही हजर असते. ज्या हलाखीवर पहिल्या काही तासांची गंमत उभी आहे ती तिथेच संपते. मी माझ्या धाकट्या भावाला हा गेम दिला, तेव्हा त्याला त्या सगळ्या वस्तू आधी फेकून द्यायला लावल्या. तो अजून मला त्याबद्दल बोलतो.

'डेयस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन'मध्ये उलटा प्रकार आहे. 'द मिसिंग लिंक' ही डीएलसी २०११ मध्ये वेगळी आली होती, ती २०१३ च्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये मुख्य कथेच्या मध्यात गुंफली. कालक्रमाने तिची जागा तीच आहे. पण तिच्या सुरुवातीला नायकाची सगळी शस्त्रे आणि क्षमता काढून घेतलेल्या असतात. वेगळ्या गेममध्ये हे ताजेतवाने वाटत होते. सलग खेळताना मात्र इतके तास खपून उभारलेले सर्व ऐन रंगात आलेल्या वेळी हिरावले जाते आणि कथेचा वेग मंदावतो. जागा बरोबर असूनही ताल चुकला, असे मला तरी वाटते.

या कसोटीवर 'लेजेंडरी एडिशन' मला सर्वांत उजवी वाटते. डीएलसीतील शस्त्रे आणि चिलखते तिथे पहिल्या मिनिटाला हातात पडत नाहीत. दुकानांतून आणि संशोधनातून ती हळूहळू मिळतात, जणू ती मुळापासून गेममध्येच होती. तरीही दुसऱ्या भागातील 'अरायव्हल' ही डीएलसी बऱ्याच आधी खुली होते. वस्तुतः ती तिसऱ्या भागाची नांदी आहे आणि सर्वांत शेवटी खेळायला हवी, पण नव्या खेळाडूला हे कोणी सांगत नाही. एखादी डीएलसी हरवली याचे मला फारसे दुःख नाही. असलेली डीएलसी कुठेही टाकून दिली याचे जास्त आहे.

कोडवाला

छोटा_सराफा यांच्या या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. त्यात एवढीच भर घालतो, की वस्तू अशा रीतीने पेरायच्या तर दुकानांचे भाव आणि शत्रूंची ताकद दोन्ही नव्याने जुळवावी लागतात. ते काम जाहिरातीत दिसत नाही.

गुलमोहर_ताई

मी स्वतः खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. त्याच्यासाठी जेल रोडवरच्या एका दुकानातून वापरलेली 'कम्प्लीट' आवृत्ती घेतली. घरी आल्यावर कळले की डिस्कवर फक्त मूळ गेम आहे आणि बाकीचे सर्व खोक्यातल्या चिठ्ठीवरील कोडने मिळणार होते, जो पहिल्या मालकाने वापरून टाकला होता. आपण सर्व जण डीएलसी आहे की नाही यावर वाद घालत आहात. ती आहे पण एकदाच आहे, हा प्रकार कोणत्या वर्गात मोडतो?

जुनीडिस्क

ताई, हा प्रकार जुना आहे. 'मास इफेक्ट २' च्या नव्या प्रतीत २०१० साली 'सर्बेरस नेटवर्क'चा एकदाच चालणारा कोड मिळत असे आणि वापरलेली प्रत घेणाऱ्याला तो वेगळा विकत घ्यावा लागे. वापरलेल्या डिस्कचा बाजार रोखणे हाच उद्देश होता. आपल्याकडे त्यात आणखी एक फास आहे. प्लेस्टेशनची डिस्क आणि कोड परदेशातून आले असतील, तर तो कोड भारतातल्या खात्यावर चालत नाही. म्हणून वापरलेली प्रत घेताना सर्व सामग्री डिस्कवर असल्याचे खोक्यावर लिहिलेले आहे का, हे आधी पाहावे. चिठ्ठीतल्या कोडला मी तरी संकलनात धरत नाही.

खंडपीठ

मी इंदूर खंडपीठात वकिली करतो, त्यामुळे कायद्याच्या बाजूने थोडेसे लिहितो. अमुक गेमच्या संकलनात तमुक डीएलसी असलीच पाहिजे, असा हक्क कोणताही कायदा आपल्याला देत नाही. काय विकायचे हे विक्रेता ठरवतो. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडवणेही येते. खोक्यावर 'कम्प्लीट' छापून कथेचा भाग गाळला आणि त्याचा उल्लेख कुठेच केला नाही, तर त्याविरुद्ध युक्तिवाद करता येईल. 'कम्प्लीट' न छापता गाळला तर फारसा करता येणार नाही. म्हणून रामबागकरांच्या दोन मागण्यांपैकी दुसरी, म्हणजे वगळलेल्या सामग्रीची यादी छापण्याची, मला कितीतरी अधिक मजबूत वाटते.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला ती खरेदी म्हणता येत नाही. त्यानेही डीएलसी परत मिळत नाही, पण पैसे देणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे आधी कळते.

छोटा_सराफा

मग मल्टिप्लेअरचे, म्हणजे अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळण्याच्या भागाचे, काय करायचे? 'बायोशॉक: द कलेक्शन'ने २०१६ मध्ये एकट्याने खेळण्याच्या सर्व डीएलसी दिल्या, त्यात 'मिनर्वाज डेन'सारखी उत्तम कथाही आली, पण दुसऱ्या भागाचा मल्टिप्लेअर काढून टाकला. 'नेथन ड्रेक कलेक्शन'नेही तेच केले. 'हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन'ने २०१४ मध्ये चारही गेमचे शंभराहून अधिक नकाशे देण्याचा हट्ट धरला आणि पहिले काही आठवडे खेळाडूंना सामनाच मिळेना. सर्व्हर वर्षानुवर्षे चालवण्याचा खर्च पाहता मल्टिप्लेअर वगळणे मला क्षम्य वाटते, बशर्ते कथेचे त्यात काही अडलेले नसेल. मूळ 'मास इफेक्ट ३' मध्ये ते अडले होते, कारण मल्टिप्लेअर खेळल्याने युद्धाची तयारी वाढत असे. 'लेजेंडरी'त मल्टिप्लेअर काढताना तो हिशेबही बदलावा लागला.

लालबाग

शिवाय 'सर्व' कोणत्या तारखेपर्यंतचे? 'बॉर्डरलँड्स: द हँडसम कलेक्शन' २०१५ मध्ये सर्व डीएलसींसह आले, आणि जून २०१९ मध्ये 'बॉर्डरलँड्स २' साठी आणखी एक नवी डीएलसी निघाली. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या २०१९ मधील 'डेफिनिटिव्ह एडिशन'मध्ये तोपर्यंतचे सगळे विस्तार होते; मग २०२२ मध्ये 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' वेगळे पैसे घेऊन आले. आपल्या राजेंद्र चोळाची मोहीम त्यात आहे, त्यामुळे मी तक्रार न करता पैसे दिले. 'ऑब्लिव्हियन'ची गंमत तर विचारू नका. २००६ मध्ये अडीच डॉलरला विकलेली आणि जगभर चेष्टेचा विषय झालेली ती घोड्याची झूल एप्रिल २०२५ मधील रीमास्टरमध्ये आतच आहे, आणि नव्या झुली १० डॉलर अधिक किमतीच्या डिलक्स आवृत्तीत आहेत.

रामबागकर

नव्याने बनवलेल्या सामग्रीचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही. तिच्यासाठी नवे श्रम झालेले आहेत. एकदा पैसे घेऊन विकलेली जुनी कथा दुसऱ्यांदा पैसे घेताना गाळू नये, एवढेच मी म्हणतो. खंडपीठ यांच्या प्रतिसादानंतर आमच्या मंडळींनी असे ठरवले आहे, की ज्या आवृत्तीतली उणीव विक्रेत्याने स्वतः आधी सांगितली असेल तिला वर्गणी काढायची, आणि जी उणीव आम्हाला घरी आल्यावर समजेल त्या मालिकेचा पुढचा भाग नवा घ्यायचा नाही. या हिशेबाने 'लेजेंडरी एडिशन' उत्तीर्ण होते, कारण 'पिनॅकल स्टेशन' नसल्याचे कारणासकट आधीच जाहीर झाले होते. फ्लॅटधारकांना याचा आनंद होईल.

आता पुढची खरेदी 'रेड डेड रिडेम्प्शन'ची आहे, प्लेस्टेशन ४ साठी २०२३ मध्ये आलेली. कोणी घेतली आहे का?

जुनीडिस्क

माझ्याकडे आहे. 'अनडेड नाइटमेअर' ही कथेची डीएलसी पूर्ण आहे आणि 'गेम ऑफ द इयर' आवृत्तीतल्या जास्तीच्या वस्तूही आहेत. मल्टिप्लेअर नाही, आणि ते विक्रीपूर्वीच जाहीर केलेले होते. बाहेर आली तेव्हा किंमत ५० डॉलरच्या आसपास होती, जी तेरा वर्षांच्या गेमसाठी मला जास्त वाटली, म्हणून मी सवलतीची वाट पाहिली. आपल्या नियमात बसते. घाई मात्र करू नका.